व्ही४एल२-कंप्लायन्सने कॅमेऱ्याचा ड्रायव्हर तपासताना: योग्य क्रम आणि नेहमीच्या चुका

व्ही४एल२ म्हणजे लिनक्समध्ये कॅमेऱ्याशी बोलण्याची ठरलेली पद्धत, आणि व्ही४एल२-कंप्लायन्स म्हणजे ड्रायव्हर तिचे नियम पाळतो का हे तपासणारं टूल. त्याच्या आउटपुटमध्ये 'फेल्ड: ०' अशी शेवटची ओळ दिसली की बहुतेक जण समाधानाने टर्मिनल बंद करतात आणि पॅच (कर्नलच्या कोडमधला बदल) पाठवून देतात. मग पहिलाच प्रश्न येतो: स्ट्रीमिंगची, म्हणजे सलग फ्रेम घेण्याची, चाचणी घेतली होती का? घेतलेली नसते. व्ही४एल२-कंप्लायन्स नुसतं चालवलं तर ते ड्रायव्हर स्वतःबद्दल काय सांगतो आणि आज्ञांना काय उत्तर देतो हे तपासतं, चित्र येतंय का हे पाहत नाही. त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. त्याच्याही आधी अर्धा डझन गोष्टी जागेवर असाव्या लागतात, आणि चुका होतात त्या तिथेच.

हा लेख लिनक्सवर यूएसबी वेबकॅमचा किंवा सीएसआय सेन्सरचा (बोर्डाला थेट जोडलेल्या कॅमेऱ्याचा) ड्रायव्हर तपासणाऱ्यांसाठी आहे. ड्रायव्हर तुम्ही लिहिलेला असो की बोर्ड विकणाऱ्या कंपनीने दिलेला, क्रम तोच. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या.

## टप्पा १: टूल स्वतः बिल्ड करा

उबंटू किंवा डेबियनच्या पॅकेजमधून मिळणारं टूल कामचलाऊ तपासणीला ठीक आहे, पण मेनलाइन (अधिकृत मूळ) कर्नलसाठी पॅच पाठवायचा असेल तर ते चालत नाही. नियम बदलत राहतात, नव्या चाचण्या येत राहतात आणि पॅकेज मागे पडतं. लिनक्सटीव्हीच्या गिट सर्व्हरवरून व्ही४एल-युटिल्स क्लोन करा आणि त्या फोल्डरमध्ये या दोन आज्ञा द्या:

मेसन सेटअप बिल्ड
निंजा -सी बिल्ड

दुसऱ्या आज्ञेतला 'सी' कॅपिटल आहे. तयार झालेलं टूल 'बिल्ड' फोल्डरच्या आत, 'युटिल्स'मधल्या व्ही४एल२-कंप्लायन्स नावाच्या फोल्डरात सापडतं.

तपासा: आउटपुटच्या सुरुवातीलाच आवृत्ती आणि 'एसएचए' छापलेला असतो. एसएचएपुढे अक्षरं-आकडे आणि तारीख दिसली तर ते तुम्ही बिल्ड केलेलं टूल. 'नॉट अव्हेलेबल' दिसलं तर पॅकेजमधलं जुनंच चाललंय. ही चूक फार होते. टूल नवं बिल्ड केलेलं असतं, पण टर्मिनलवर नुसतं नाव टाइप केल्यामुळे सिस्टीममधलं जुनं उचललं जातं. पूर्ण पाथ द्या.

सावधान: नवं टूल आणि जुना कर्नल ही जोडी फसवी आहे. कर्नल ५.१० वर अडकलेल्या बोर्डावर आजचं टूल चालवलं, तर त्या कर्नलनंतर आलेल्या नियमांसाठीही ड्रायव्हर नापास होऊ शकतो. मेनलाइनसाठी काम करत असाल तर कर्नलही मीडिया शाखेचा ताजाच हवा. जुन्याच कर्नलवर राहणं भाग असेल तर टप्पा ५ अजिबात गाळू नका.

## टप्पा २: कर्नलला बोलतं करा

कर्नलच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'व्हिडिओ अ‍ॅडव्ह डीबग' हा पर्याय चालू करा. त्याचे फायदे दोन. रजिस्टर वाचण्या-लिहिण्याच्या चाचण्या होऊ शकतात, आणि बफर (फ्रेम ठेवायच्या मेमरीतल्या जागा) सांभाळणारा व्हिडिओबफ२ हा भाग ड्रायव्हरच्या प्रत्येक कॉलचा हिशोब ठेवायला लागतो. स्ट्रीमिंग जितक्या वेळा सुरू झालं तितक्याच वेळा थांबलं का, प्रत्येक बफर परत आला का, हे तो मोजतो. जमाखर्च जुळला नाही तर कर्नल लॉगमध्ये 'अनबॅलन्स्ड' असं स्पष्ट लिहितो. कंप्लायन्स टूलच्या आउटपुटमध्ये ही ओळ कधीच येत नाही.

जमलं तर लॉकिंग तपासणारा 'प्रूव्ह लॉकिंग' आणि मेमरीवर नजर ठेवणारा 'केएसॅन' यांसह आणखी एक कर्नल बिल्ड करून ठेवा. तो संथ चालतो, म्हणून रोजच्या कामाला घेऊ नका. शेवटच्या फेरीला घ्या.

## टप्पा ३: मॉड्यूल खरंच नवं आहे ना?

कोड बदलला, बिल्ड केला, टूल चालवलं आणि तीच चूक पुन्हा दिसली, तर कोड पुन्हा वाचण्याआधी जुनं मॉड्यूल (ड्रायव्हरचा कर्नलमध्ये लोड होणारा भाग) काढून नवं लोड केलंय का ते पाहा.

टूलच्या आउटपुटमध्ये 'ड्रायव्हर व्हर्जन' अशी एक ओळ असते. अनेकांना ती आपल्या ड्रायव्हरची आवृत्ती वाटते, पण तो आकडा व्ही४एल२चा गाभा भरतो आणि तो कर्नलचा असतो. तुमचं मॉड्यूल बदललं की नाही हे त्यावरून कळत नाही.

तपासा: 'मॉडइन्फो'ने दाखवलेला 'एसआरसीव्हर्जन' आणि सिसएफएसमध्ये (/सिस फोल्डरमध्ये) त्या मॉड्यूलच्या नावाखाली दिसणारा एसआरसीव्हर्जन जुळायला हवा. तुमच्या कर्नलमध्ये ही सोय नसेल तर प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या) तात्पुरती एक ओळ छापा आणि लॉगमध्ये ती शोधा.

## टप्पा ४: योग्य नोड निवडा, कॅमेरा मोकळा करा

व्ही४एल२-सीटीएल --लिस्ट-डिव्हाइसेस

एकाच यूएसबी वेबकॅमचे दोन नोड (/डेव्ह फोल्डरमधल्या डिव्हाइस फाइली) दिसले तर गोंधळू नका. सहसा पहिला चित्राचा आणि दुसरा मेटाडेटाचा असतो. मेटाडेटाच्या नोडवर टूल चालवून 'इतक्या चाचण्या नॉट सपोर्टेड का दाखवतंय?' असं विचारणारे बरेच भेटतात. शिवाय कॅमेरा काढून पुन्हा लावला की नोडचा क्रमांक बदलू शकतो. चाचणी स्क्रिप्टमधून चालवायची असेल तर क्रमांकाऐवजी 'बाय-आयडी' फोल्डरमधली लिंक वापरा.

आता कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या ताब्यात नाही ना ते पाहा. ब्राउझर, मीटिंगचं अ‍ॅप, पाइपवायर यांपैकी कुणीही नोड उघडून बसलेलं असू शकतं.

फ्यूझर -व्ही /डेव्ह/व्हिडिओ०

या आज्ञेला काहीच उत्तर आलं नाही तर कॅमेरा मोकळा आहे. ती रूटने चालवा, नाहीतर इतर वापरकर्त्यांच्या प्रक्रिया दिसत नाहीत. चाचणी चालू असताना दुसऱ्या प्रोग्रामने स्ट्रीम सुरू केला तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे फेल येतात, आणि पुन्हा चालवलं की नाहीसे होतात. अशा येत्या-जात्या फेलमागे लागून लोक दिवस घालवतात.

सध्याची सगळी सेटिंग्ज व्ही४एल२-सीटीएलच्या '--ऑल' पर्यायाने एका फाइलमध्ये उतरवून ठेवा. चाचणीनंतर सगळं जसंच्या तसं राहील असं गृहीत धरू नका.

सावधान: कंट्रोल तपासताना टूल प्रत्येक कंट्रोलला त्याची किमान आणि कमाल किंमत देऊन पाहतं. फिरणारा, झूम होणारा कॅमेरा असेल तर तो खरोखर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतो. केबल ताणलेली नाही आणि वाटेत काही नाही याची खात्री करूनच एंटर दाबा.

## टप्पा ५: आधी व्हिव्हिड

व्हिव्हिड हा कर्नलसोबत येणारा आभासी कॅमेऱ्याचा ड्रायव्हर, कर्नल ३.१८ पासूनचा. प्रत्यक्ष हार्डवेअर नसताना तो रंगपट्ट्यांचं चित्र देतो. व्ही४एल२चे नियम पाळण्याच्या बाबतीत आपल्या ड्रायव्हरची तुलना करायला तो चांगला आहे. मॉडप्रोबने तो लोड करा, यादीतून त्याचा कॅप्चर नोड शोधा आणि तुमच्या कॅमेऱ्यावर चालवणार आहात तीच आज्ञा आधी त्याच्यावर चालवा.

व्हिव्हिड पूर्ण पास झाला तर टूल आणि कर्नलची जोडी ठीक आहे. व्हिव्हिडच नापास झाला तर दोष बहुधा या जोडीत आहे. ते फेल एका फाइलमध्ये लिहून ठेवा, म्हणजे पुढे तुमच्या ड्रायव्हरच्या आउटपुटमध्ये तेच फेल दिसले की ते वेगळे काढता येतील. हा टप्पा मिनिटभराचा आहे, तरी सगळ्यांत जास्त गाळला जातो.

## टप्पा ६: स्ट्रीमिंगशिवाय पहिली फेरी

व्ही४एल२-कंप्लायन्स -डी ०

इथे ० म्हणजे व्हिडिओ० हा नोड. आधी साध्या वापरकर्त्याने चालवा, नंतर रूटने. दोन्ही लागतं, कारण रजिस्टरची चाचणी रूटलाच पूर्ण करता येते, आणि साध्या वापरकर्त्याला ती नाकारली जाते का हेही टूलला पाहायचं असतं.

आउटपुट वरून खाली वाचायचं. शेवटच्या ओळीवर उडी मारायची नाही. वाचताना तीन ठिकाणी गफलत होते.

पहिली गफलत फेलची ओळ उलटी वाचण्याची. फेल आला की टूल स्वतःच्या सोर्स फाइलचं नाव, ओळ क्रमांक आणि एक अट छापतं. ती अट म्हणजे 'असं असायला हवं होतं' असा अर्थ अनेक जण घेतात. प्रत्यक्षात तिचा अर्थ 'असं निघालं, आणि असं निघायला नको होतं' असा आहे. बफरचं फील्ड (चित्राच्या ओळी कशा क्रमाने आहेत हे सांगणारी किंमत) 'एनी'बरोबर आहे अशी अट छापली असेल, तर तुमच्या ड्रायव्हरने फ्रेम परत करताना फील्डची किंमत भरलीच नाही आणि ती 'एनी' राहिली. शंका आली तर ज्या गिट प्रतीतून टूल बिल्ड केलं त्याच प्रतीत ती फाइल त्या ओळीवर उघडा. बहुतेक वेळा तिथल्या चार-सहा ओळी आणि वरची टिप्पणी वाचूनच उत्तर मिळतं. दुसऱ्या आवृत्तीची फाइल उघडलीत तर ओळ क्रमांक जुळणार नाही.

दुसरी गफलत आकड्याची. एखाद्या चाचणीत पहिली अट मोडली की टूल ती चाचणी तिथेच सोडतं, आतल्या पुढच्या अटी तपासतच नाही. म्हणून एक चूक दुरुस्त केल्यावर फेलचा आकडा तसाच राहिला तरी काम वाया गेलेलं नसतं. आधीचा फेल गेलेला असतो आणि त्यामागचा दिसू लागलेला असतो. ओळ क्रमांक बदलला का ते पाहा. नेहमी सगळ्यांत वरचा फेल आधी घ्या, कारण ड्रायव्हर सुरुवातीला स्वतःबद्दल देतो त्या माहितीतली चूक खालच्या पाच चाचण्या बिघडवू शकते.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी गफलत म्हणजे 'ओके, नॉट सपोर्टेड'. एकूण बेरजेत हे यशात मोजलं जातं. ड्रायव्हर ही सुविधा देत नाही, आणि देत नाही हे नीट सांगतो, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या मनात काय होतं ते टूलला कसं कळणार? समजा तुम्ही क्रॉपिंगचं फंक्शन लिहिलं, पण आयओसीटीएलच्या (प्रोग्रामकडून ड्रायव्हरला येणाऱ्या आज्ञांच्या) तक्त्यात ते जोडायला विसरलात. टूल म्हणेल 'क्रॉपिंग: ओके, नॉट सपोर्टेड', आणि शेवटी 'फेल्ड: ०'. म्हणून चालवण्याआधीच एका कागदावर लिहा की माझा ड्रायव्हर या या सुविधा देतो. मग त्यांपैकी प्रत्येकीपुढे नुसतं 'ओके' आहे ना ते पाहा.

या फेरीत वारंवार दिसणारे दोष थोडक्यात असे.

- फॉरमॅटच्या उत्तरात कलरस्पेस शून्य राहतो. सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये हे अगदी नेहमीचं.
- माहीत नसलेला पिक्सेल फॉरमॅट मागितला की ड्रायव्हर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' परत करतो. नियमाप्रमाणे त्याने आपल्याला जमणारा एखादा फॉरमॅट सुचवायला हवा. टूल यावर फेल न देता वॉर्निंग देतं, कारण काही जुने प्रोग्राम जुन्या वागण्यावर विसंबून आहेत. नव्या ड्रायव्हरने नियमच पाळावा.
- बस-इन्फोच्या (डिव्हाइस कुठे जोडलंय हे सांगणाऱ्या मजकुराच्या) सुरुवातीला 'प्लॅटफॉर्म' किंवा 'यूएसबी' असं अपेक्षित उपपद नसतं.
- प्राधान्य आणि इव्हेंट यांच्या चाचण्या पडतात. फाइल हँडल व्ही४एल२च्या तयार मदतनीस फंक्शनने न उघडता स्वतःचं काहीतरी लिहिलं की असं होतं. तयार फंक्शन वापरा, दोन्ही चाचण्या एकदम सुटतात.

सावधान: वॉर्निंग लपवणारा '--नो-वॉर्निंग्ज' पर्याय आहे. तो आहे हे विसरा.

## टप्पा ७: सीएसआय सेन्सर असेल तर पाइपलाइन आधी जोडा

यूएसबी वेबकॅमवाल्यांनी थेट पुढच्या टप्प्यावर जावं.

सेन्सर, सीएसआय रिसीव्हर, आयएसपी (चित्रावर प्रक्रिया करणारा भाग) असे वेगवेगळे भाग मीडिया कंट्रोलरने जोडलेले असतील, तर कंप्लायन्स टूल ते जोडून देत नाही. 'मीडिया-सीटीएल -पी'ने सगळी मांडणी पाहा, लिंक चालू करा आणि प्रत्येक पॅडवर (भागाच्या जोडणीच्या टोकावर) फॉरमॅट ठरवा. लिंकच्या दोन्ही टोकांना लांबी, रुंदी आणि बस फॉरमॅट तोच हवा. तसं नसेल तर स्ट्रीमिंग सुरू करताना 'ब्रोकन पाइप' येतं. हे वाचून लोक केबल तपासायला घेतात. केबलचा इथे संबंध नाही, दोन टोकांचे फॉरमॅट जुळलेले नाहीत.

तपासा: व्ही४एल२-सीटीएलच्या '--स्ट्रीम-एममॅप' पर्यायाने फ्रेम येतात का ते आधी पाहा. इथे येत नसतील तर टप्पा ८ चालवण्यात अर्थ नाही.

मग टूलला व्हिडिओ नोडऐवजी मीडिया नोड द्या, '-एम' या पर्यायाने, लहान एम. त्या मीडिया नोडखालचे सगळे नोड, सबडिव्हाइससकट, ते एकेक करून तपासतं. फक्त व्हिडिओ नोड तपासला तर सेन्सरच्या ड्रायव्हरचा स्वतःचा नोड तपासायचा राहतो, आणि तुम्ही लिहिलेला कोड नेमका त्यातच असतो.

एचडीएमआय रिसीव्हर असेल तर आणखी एक पायरी आहे. आधी ईडीआयडी (कोणते आकार चालतात हे समोरच्या उपकरणाला सांगणारी माहिती) भरा, सिग्नल जोडा आणि टायमिंग्ज विचारून घेऊन तीच सेट करा. सिग्नल नसताना स्ट्रीमिंगची चाचणी पास होण्याची अपेक्षा धरू नका.

## टप्पा ८: स्ट्रीमिंगसह दुसरी फेरी

व्ही४एल२-कंप्लायन्स -डी ० -एस

आकडा न दिल्यास प्रत्येक पद्धतीने ६० फ्रेम घेतल्या जातात. ३० फ्रेम प्रति सेकंद वेगाने एका पद्धतीला २ सेकंद लागतात. आउटपुटमध्ये आता एममॅप, यूझरपॉइंटर आणि डीएमएबफ या बफर देण्याघेण्याच्या पद्धतींच्या ओळी येतात. डीएमएबफपुढे 'कॅनॉट टेस्ट' दिसलं तर तो तुमचा दोष नाही. त्या चाचणीला बफर पुरवणारं दुसरं डिव्हाइस लागतं, ते '--एक्सपीबफ-डिव्हाइस' पर्यायाने द्यायचं. व्हिव्हिड लोड केलेलाच आहे, त्याचा नोड देऊन पाहता येईल.

फ्रेमचे अनुक्रमांक प्रत्येक वेळी स्ट्रीमिंग सुरू झाल्यावर ० पासून सुरू व्हायला हवेत आणि मधले गळायला नकोत. पहिल्यांदा स्ट्रीम करताना ठीक आणि दुसऱ्यांदा करताना चुकीचे आले, तर मोजणी शून्यावर आणणारी ओळ प्रोबमध्ये राहिली आहे. ती स्ट्रीमिंग सुरू करणाऱ्या फंक्शनमध्ये न्या. त्याच फंक्शनमध्ये काही बिघडून परत फिरावं लागलं, तर हातातले सगळे बफर 'क्यूड' अवस्थेत परत द्यायचे. थांबवणाऱ्या फंक्शनमध्ये 'एरर' अवस्थेत द्यायचे. या दोहोंची अदलाबदल आणि विसर, दोन्ही नेहमीचं.

यूएसबीवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आलं तर डिस्क रिकामी करू नका. यूएसबी कंट्रोलरवर राखीव ठेवायला बँडविड्थ उरलेली नाही. त्याच कंट्रोलरवरचा दुसरा कॅमेरा काढा, हब काढा आणि पुन्हा चालवा.

खोलीत पुरेसा उजेड ठेवा. अंधारात बरेच वेबकॅम एक्स्पोजर वाढवून फ्रेमचा वेग आपोआप खाली आणतात, मग वेळेचे आकडे विचित्र दिसतात. पॉवर लाइन फ्रिक्वेन्सीचा कंट्रोल ५० हर्ट्झवर ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि काही कॅमेरे कारखान्यातून ६० वर येतात.

## टप्पा ९: सगळे फॉरमॅट

आता '-एस'च्या जागी '-एफ' द्या. टूल प्रत्येक फॉरमॅट, प्रत्येक आकार आणि प्रत्येक फ्रेमदर घेऊन साधारण एकेक सेकंद स्ट्रीम करतं. ड्रायव्हर क्रॉपिंग-स्केलिंग देत असेल तर त्याच्याही जोड्या करून पाहतं. वेळ लागतो, चहा घेऊन या.

ही फेरी टाळू नका, कारण '-एस' फक्त सध्याचा फॉरमॅट तपासतो. यादीत लिहिलेला पण प्रत्यक्षात न चालणारा आकार इथेच पकडला जातो. एक साधा हिशोब आधी करा. १२८०×७२० चं वायूवायव्ही (न दाबलेलं) चित्र ३० फ्रेमने पाठवायचं तर सेकंदाला सुमारे ५५ एमबी लागतात. यूएसबी २.० वर आयसोक्रोनस (बँडविड्थ राखून ठेवणाऱ्या) पद्धतीने एका एंडपॉइंटला सुमारे २४.५ एमबीच मिळतात. म्हणजे हे जमणारच नाही, आणि म्हणूनच वेबकॅम हा आकार वायूवायव्हीत कमी वेगाने देतात आणि ३० फ्रेमसाठी एमजेपेग (दाबलेलं चित्र) वापरतात. तुमच्या यादीत असा अशक्य मेळ जाहीर झालेला असेल तर दुरुस्ती यादीत करायची.

## टप्पा १०: लॉग, मग अहवाल

दुसऱ्या टर्मिनलवर 'डीमेसेज -डब्ल्यू' सुरुवातीपासून चालू ठेवलं असेल तर उत्तम. तीन गोष्टी शोधा: 'अनबॅलन्स्ड', 'वॉर्निंग'ने सुरू होणारा कॉल ट्रेस, आणि लॉकिंगबद्दलची तक्रार. टूल सगळं पास म्हणत असताना लॉगमध्ये यांपैकी काहीही असेल, तर ड्रायव्हर नापास.

टूलच्या कक्षेबाहेरचं एक काम हाताने करा. स्ट्रीम चालू असताना यूएसबी कॅमेरा उपटा, किंवा सिसएफएसमधून ड्रायव्हर अनबाइंड करा. मग मॉड्यूल काढून परत लोड करा. हे पाच-सहा वेळा लागोपाठ करा. प्रोग्राम चूक दाखवून थांबला तर ठीक. कर्नल गडबडला तर मेमरी मोकळी करण्याचा क्रम तपासा.

वेबकॅमच्या बाबतीत उरलेला फेल ड्रायव्हरचा की कॅमेऱ्याच्या फर्मवेअरचा हे ठरवायला त्याच कर्नलवर दुसऱ्या बनावटीचा कॅमेरा लावा. यूव्हीसी-व्हिडिओ (यूएसबी वेबकॅमचा सामाईक) ड्रायव्हर तोच असून दुसरा कॅमेरा पास झाला, तर संशय फर्मवेअरवर. काही कॅमेरे कंट्रोलची कमाल किंमत जाहीर करतात आणि ती दिली की नाकारतात.

पॅच पाठवताना कव्हर लेटरमध्ये पूर्ण आउटपुट द्या, एसएचएच्या ओळीपासून 'टोटल'च्या ओळीपर्यंत, आणि ते '-एस' दिलेल्या फेरीचं असू द्या. नुसती शेवटची ओळ चिकटवली तर टूल कुठलं आणि 'नॉट सपोर्टेड' किती, हे समोरच्याला कळत नाही. एखादा फेल जाणूनबुजून ठेवला असेल तर त्या ओळीखाली कारण लिहा. पॅचची दुसरी आवृत्ती काढाल तेव्हा चाचणीही पुन्हा घ्या. पहिल्या आवृत्तीचं आउटपुट दुसरीला जोडलं, तर ते आउटपुट आणि बदललेला कोड यांचा मेळ बसत नाही, आणि ते परीक्षकाच्या लगेच लक्षात येतं.